लाल कडीची टोपली

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ऐली राउतिओ लाल कडीची टोपली घेऊन पान्योत्ताच्या दुकानात शिरायची, आणि गल्ल्यामागून पान्योत्ताबाई मोठ्याने ओरडायची, "आली गं बाई, आली! झाकून ठेवा रे सगळे भाव!"

तेरा वर्षं हाच विनोद चालला होता. ऐली त्यावर कधी हसली नाही, आणि ती हसेल अशी पान्योत्ताबाईचीही अपेक्षा नव्हती. फिनलंडहून आलेल्या आईबापांची पोर ती. त्या घरांतून हसू जपून वापरतात. ती खिशातून पेन्सिल काढायची, यादी फळीवर पसरायची आणि कामाला लागायची.

यादीत बावीस जिनसा होत्या. चार माणसांच्या घराला आठवडाभर पुरेल एवढा बाजार: दहा पौंड बटाटे, मैदा, अंडी, लोणी, खिमा, चार पोर्क चॉप, दूध, कॉफीचा डबा, वाटाण्याचे दोन डबे, साबण, असं करत करत शेवटी आगपेटी. प्रत्येक जिनसेवर ती पेन्सिलीने त्या दिवशीचा भाव लिहायची आणि तोच कागदावर चढवायची. हा कागद दुपारी युनियनच्या हॉलमधल्या फळ्यावर लागायचा. पाळी सुटली की गिरणीतली माणसं हातपाय धुवायच्या आधी तो वाचायला यायची आणि येताना एकदा, जाताना एकदा कंपनीला शिव्या घालायची.

हे सगळं सुरू झालं अडुसष्टच्या संपात. कागद गिरणीचे साहेब सांगत होते की सरकारी आकड्यांप्रमाणे महागाई काही एवढी वाढलेली नाही. सभेत पुरुषमंडळी नुसती टेबलं बडवत होती. तेव्हा कागद निवडायच्या खात्यातली ही किडकिडीत बाई उभी राहिली आणि म्हणाली, "राजधानीतून, ओटावाहून आकडे कशाला मागवायचे? पान्योत्ताकडे जाऊन मी बघून येते ना." गेली, आणि बघून आली. तेव्हापासून आमच्या केटल बे गावात सरकारच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ऐलीच्या टोपलीवर ठेवला. पगाराला महागाई भत्ता जोडून मिळाला त्यात या टोपलीचा वाटा होता, हे कंपनीचे साहेबही खासगीत कबूल करत.

युनियनच्या पैशाने घेतलेला माल वाया कसा घालवायचा? म्हणून तो अडलेल्या एखाद्या घरी जायचा. त्याचे नियम ऐलीनेच घालून दिले होते. नाव तिघांच्या समितीने सोमवारी ठरवायचं, आणि बाहेर काढायचं नाही. शुक्रवारी उजाडायच्या आत टोपली त्या घराच्या पायरीवर ठेवून यायची, दार वाजवायचं नाही. रिकामी टोपली त्या घरच्यांनी शनिवारी अंधार पडल्यावर हॉलच्या मागच्या दाराशी आणून ठेवायची, आणि कोण ठेवून गेलं ते कुणी बघायचं नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढाच तिचा हेतू होता. टोपली तिच्या नवऱ्याने, उर्होने, लाकडाच्या पातळ पट्ट्यांची विणली होती. कडी लाल रंगवली ती मात्र चूकच झाली, कारण त्या कडीमुळे ती अर्ध्या मैलावरून ओळखू यायची.

उर्हो शहात्तरमध्ये गेला. मुलगा वेइक्को तेलाच्या कामावर दूर पश्चिमेला अल्बर्टात गेला, तिकडेच लग्न करून राहिला. अठ्ठ्याहत्तरमध्ये हाताने कागद निवडायचं खातं कंपनीने बंद केलं. तिथे मशीन बसलं आणि साठीची ऐली घरी बसली. पेन्शन बसली महिना एकशे सत्त्याऐंशी डॉलर. नवऱ्यामागे सरकारकडून थोडंफार यायचं. म्हातारपणाचे खरे पैसे सरकार देणार पासष्टाव्या वर्षी, म्हणजे अजून दोन वर्षांनी.

एकशे सत्त्याऐंशी तेव्हाही एकशे सत्त्याऐंशी, आणि आता, एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरातही एकशे सत्त्याऐंशीच. बाकी सगळं मात्र वर चढलं होतं, आणि ते किती चढलं हे ऐलीइतकं नेमकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. खिमा एकोणसाठ सेंटचा एक डॉलर अठ्ठ्याण्णवला गेला होता. पौंड जाऊन ग्रॅम आले तेव्हा कॉफीचा पौंड चारशे चोपन्न ग्रॅमचा झाला, आणि वर्षभरात गुपचूप तीनशे एकोणसत्तरचा. डबा तोच, भाव तोच, आत कॉफी कमी. हे पहिल्यांदा पकडलं तिनेच. त्या गुरुवारी फळ्यावरच्या कागदाखाली तिने जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, "डबा हलवून बघा." गावभर लोक आठवडाभर डबे हलवत होते.

एवढी हुशार बाई, पण स्वतःच्या घरात तिची हुशारी चालेना. गेल्या जानेवारीत तिने झोपायची खोली बंद केली. दाराखाली जुनी घोंगडी कोंबली आणि पलंग ओढून स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणला. घर तापवायच्या भट्टीचं तेल तिने मागवलंच नाही. शनिवारचा सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, ती महिन्यातून एकदा तापवायला लागली, कारण एकट्या बाईने घाम काढायला एवढी लाकडं जाळायची हे तिच्या मनाला पटेना. वेलदोड्याचा गोड पाव भाजणं सोडलं. तो एकटीने खायचा म्हणजे चार दिवसांनी वाळलेला खायचा. कॉफी सोडली सप्टेंबरात. आमच्या या गावात फिनिश बाई कॉफी सोडते म्हणजे तिची परिस्थिती कुठवर आली हे वेगळं सांगायला नको. म्हणून तिने ते कुणाला कळू दिलं नाही.

वेइक्को दर रविवारी फोन करायचा. "आई, ये ना इकडे. तळघरात खोली आहे, गालिचा टाकलाय."

"बघू," ती म्हणायची.

"काय बघायचंय तिथे आता?"

हे घर उर्होने स्वतः बांधलं होतं, तिने खिळे धरले होते. अजून दोन हिवाळे काढले की सरकारी पैसे सुरू होतील, मग घर टिकेल. तेवढ्यासाठी तिला पेन्शनमध्ये वाढ हवी होती. फार नको, महागाईच्या बरोबरीने चालेल एवढी.

आणि नेमका तोच मुद्दा यंदाच्या करारात आला होता. कंपनीने दोन गोष्टी पुढे ठेवल्या होत्या. एक तर पेन्शनवाल्यांना महागाईप्रमाणे दरवर्षी वाढ, नाहीतर कामावरच्या माणसांना तासाला पस्तीस सेंट जादा. दोन्ही मिळणार नव्हतं. बुधवारी संध्याकाळी सभा होती, आणि मत द्यायचा अधिकार फक्त कामावरच्यांना. पेन्शनवाल्यांनी भिंतीलगतच्या बाकावर बसायचं, वाटलं तर बोलायचं. हात वर करायचा नाही.

बुधवारी ऐलीने चांगला कोट घातला. बोलायचं एकच वाक्य तिने ठरवलं होतं आणि दिवसभर भांडी घासताना म्हणून बघितलं होतं: "जानेवारीपासून मी झोपायची खोली बंद केली आहे." त्यापुढे काही सांगायची गरज नव्हती. हे ऐकल्यावर कुणाला विचारावं लागणार नव्हतं की पेन्शनला वाढ कशाला हवी.

हॉल खचाखच भरला होता. ती भिंतीच्या बाकावर बसली. त्या बाकावर ते सात जण होते. बाकावर बसताना तिला पुन्हा एकदा तोइवो साल्मेला आठवला.

हाच करार, हेच दोन मुद्दे, चौऱ्याहत्तर साली. तेव्हा तासाला बारा सेंट होते. म्हातारा साल्मेला याच बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि तो एवढंच म्हणाला होता, "आमच्याकडेही जरा बघा." तेव्हा ऐली मधल्या रांगेतून ताडकन उठली होती. "साल्मेलाकाका, म्हातारपण येईल तेव्हा बघू. पोरांना बूट या हिवाळ्यात लागतात!" हॉल हसून हसून फुटला होता. बारा सेंट मंजूर झाले. त्या आठवड्यात टोपली साल्मेलाच्या घरी गेली, तर म्हाताऱ्याने ती उचललीच नाही. तीन दिवस पायरीवर पडून होती. दूध गोठून त्याचं पुठ्ठ्याचं खोकं फाटलं, अंडी तडकली. शेवटी ऐलीनेच जाऊन ती परत आणली आणि येताना रस्ताभर बडबडत आली, "एवढा ताठा काय कामाचा? खायला नाही घरात, आणि माज बघा!"

ऑरेस्ट बिलिक मंचावर उभा राहिला. तो युनियनचा अध्यक्ष, छत्तीस वर्षांचा, मशीनवरचा कामगार. त्याची आई आणि ऐली एकाच टेबलावर सतरा वर्षं कागद निवडत होत्या, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. पोरगा बोलण्यात तयार होता आणि मनाने वाईट नव्हता.

"बंधूंनो, भगिनींनो, बँका घरकर्जावर किती व्याज मागतायत माहीत आहे ना? साडेएकोणीस! ज्यांच्या कर्जाची मुदत येत्या वर्षात संपतेय आणि या व्याजाने नवी घ्यावी लागणार आहे त्यांनी हात वर करा." निम्म्या हॉलचे हात वर झाले. त्यात त्याचा स्वतःचाही हात होता. "आपले पेन्शनवाले आपलेच आहेत. त्यांना आपण वाऱ्यावर सोडणार नाही. पण या हॉलमध्ये सात वर्षांपूर्वी एक बाई उभी राहिली होती. ती काय म्हणाली होती? म्हातारपण येईल तेव्हा बघू! पोरांना बूट या हिवाळ्यात लागतात!"

जुनी माणसं हसली, नव्यांनी टाळ्या पिटल्या.

"आणि ती बाई आज इथेच बसली आहे! उठा ऐलीमावशी, उठा! दिसू द्या सगळ्यांना!"

ती उठली. सगळा हॉल उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "टोपलीवाली बाई!" कुणी म्हणालं, "बोला ना मावशी, दोन शब्द!"

टाळ्या थांबवून सगळे खाली बसले. एवढ्या माणसांनी तिच्याकडे एवढ्या प्रेमाने बघितलं त्याला बरीच वर्षं झाली होती. वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण ज्या बाईसाठी टाळ्या वाजत होत्या ती ताठ बाई होती, आणि झोपायची खोली बंद करणारी बाई दुसरीच होती. या दोघींना एकाच वेळी उभं करणं तिला जमलं नाही.

"आभारी आहे," ती म्हणाली आणि खाली बसली.

हात वर झाले. पस्तीस सेंट भरघोस मतांनी मंजूर झाले. बाकावरचे सातही जण हात गुडघ्यावर ठेवून बसून होते. बाहेर पडताना ऑरेस्टने तिला घट्ट मिठी मारली. "उद्या गुरुवार, मावशी. विसरू नकोस हं!"

ती कशाला विसरते? गुरुवारी दहाला ती दुकानात हजर होती. फक्त त्या दिवशी पान्योत्ताबाईने विनोद केला नाही. "आज थंडी फार आहे नाही, ऐली?" एवढंच म्हणाली, आणि चॉप कापून देताना नवऱ्याला हळूच डोळ्याने खूण केली. ऐलीला ते दिसलं, पण तिने मनावर घेतलं नाही. तिने चॉप नेहमीसारखे निवडून घेतले, कडेला थोडी चरबी असलेले, कारण मुलं असलेल्या घरात चरबीवर बटाटे परतता येतात. कॉफीचा डबा हातात घेऊन ती जरा जास्त वेळ उभी राहिली. मग त्यावर भाव लिहिला आणि तो टोपलीत ठेवला. कागद फळ्यावर लावला, टोपली हॉलवर ठेवली आणि घरी येऊन बटाट्याचं पातळ सार प्याली.

शुक्रवारी सकाळी ती बर्फ लोटायला दार उघडून बाहेर आली, तर पायरीवर टोपली होती.

आधी तिला वाटलं कुणाची तरी चूक झाली. शेजारच्या घरी द्यायची असेल. मग तिला लाल कडीखाली घातलेली घडी दिसली. पांढरं फडकं, कोपऱ्यात दुमडलेलं. ते युनियनच्या माणसाने नीट ठेवलं होतं, वारा लागू नये म्हणून. एवढ्या काळजीने फडकं घालणारा माणूस घर चुकत नाही.

तिने दारातच वाकून फडकं उचललं. मैद्याच्या पिशवीवर तिचं अक्षर होतं. अंड्यांच्या खोक्यावर तिचं अक्षर होतं. कॉफीच्या डब्यावर, साबणावर, आगपेटीवर, प्रत्येक गोष्टीवर तिच्याच पेन्सिलीने तिला मिळालेल्या मालाचा भाव लिहिलेला होता. रस्ता अजून रिकामा होता. कोपऱ्यावरच्या घरात दिवा लागला. तेव्हा तिला साल्मेला पहिल्यांदा नीट समजला. तो माज नव्हता. त्याला ती टोपली दाराच्या आत ओढता आली नव्हती, एवढंच. बाहेर असेपर्यंत ती दुसऱ्या कुणाची तरी असते.

तिने ती पायाने आत ओढली आणि दार लावलं.

मग तिने कॉफी केली. याची लाज वाटून काय उपयोग? तिने कॉफी केली आणि एकामागून एक तीन कप प्याली, आणि तिसऱ्या कपाला तिला रडू आलं. टेबलापाशी बसून ती मोठ्याने रडली. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज आवरायचंही कारण नव्हतं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. कुणी सांगितलं असेल? धुराड्यातून धूर फक्त स्वयंपाकघराचा येतो हे शेजाऱ्यांना दिसत असेल. आदल्या दिवशीचा पाव ती घेते हे पान्योत्ताबाईला माहीत होतं. ते राहू दे. पण नाव सोमवारी ठरतं. सभा बुधवारी होती. समितीच्या तिघांत ऑरेस्ट असतोच. म्हणजे मंचावरून "उठा ऐलीमावशी" म्हणताना त्याला माहीत होतं की ती उपाशी आहे.

तिला राग यायला हवा होता. राग यायच्या आधीच दुसरं काहीतरी आठवलं. चौऱ्याहत्तर साली समितीत ती स्वतः होती. सोमवारी साल्मेलाचं नाव तिनेच सुचवलं होतं, "म्हाताऱ्याच्या घरात काही नाही हो," असं कळवळून. आणि बुधवारी त्याच म्हाताऱ्याला तिने भर सभेत हसण्यावारी नेलं. त्यात तिला काही विचित्र वाटलं नव्हतं. टोपली जाणारच होती ना त्याच्याकडे.

तिने एक चॉप तळला. तीन उरले, ते बाहेरच्या पडवीत गारठ्यात ठेवले.

शनिवारी दुपारी चारला पहिल्या पाळीचा भोंगा झाला, तेव्हा ऐली चांगला कोट घालून मुख्य रस्त्याने गिरणीच्या दाराकडे चालत होती. हातात लाल कडीची टोपली होती, रिकामी. पाळी सुटून माणसं बाहेर पडत होती.

"अगं ऐली, आज शनिवार! गुरुवार नाही!" एकजण लांबून ओरडला. मग त्याला टोपली रिकामी दिसली, आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. शनिवारी रिकामी टोपली कुठून येते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेरा वर्षांत घेणाऱ्यांपैकी कुणी ती टोपली उजेडात परत आणली नव्हती. माणसं बाजूला झाली. काहींनी टोप्या खाली ओढल्या. ती त्यांच्यामधून चालत गेली आणि ऑरेस्टसमोर उभी राहिली.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "मागचं दार उघडं ठेवलं होतं गं मी. अंधार पडल्यावर आली असतीस तर…"

"माहीत आहे. तो नियम मीच केलाय."

"मग?"

"मग काय? मोडला."

ऑरेस्ट बुटांकडे बघायला लागला.

"नाव सोमवारीच ठरलं ना रे?"

"हो."

त्याने पुढे काही म्हणावं म्हणून ती थांबली. तो म्हणाला, "एप्रिलमध्ये माझ्या कर्जाची मुदत संपतेय, मावशी. दोन पोरं आहेत. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तू बरोबरच बोललास. मीही बरोबरच बोलले होते." तिने टोपली त्याच्या हातात दिली. "तुला पेन्शनला किती वर्षं आहेत?"

"चोवीस."

"तेव्हा टोपली कोण भरणार ते आत्ताच बघून ठेव."

आजूबाजूला पन्नास-साठ माणसं उभी होती. ऐलीने खिशातून पेन्सिल काढली आणि टोपलीत टाकली.

"पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघा. मी घर विकतेय, मेमध्ये वेइक्कोकडे जाते. जो कुणी यादी करेल त्याला सांग, नुसता भाव बघू नको म्हणावं. डबा हलवून बघ."

एवढं बोलून ती वळली. बर्फ भुरभुरायला लागलं होतं. मागून कुणीतरी हाक मारेल असं तिला वाटलं, म्हणून कोपऱ्यापर्यंत तिने पावलं सावकाश टाकली. मग कोपरा आला, आणि ती नेहमीच्या चालीने घरी गेली.